घरात दिवा जळतो, शेतात मोटार का चालत नाही?

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद तालुक्यातल्या कुठल्याही गावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी गेलात, तर एक गोष्ट हमखास दिसते. घराघरांत बल्ब लागलेले असतात, पंखे फिरत असतात, टीव्हीवर बातम्या चालू असतात. गावाबाहेर शिवारात मात्र बोअरची मोटार बंद असते आणि चार माणसे डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, उभी राहून लाईनमनला फोन लावत असतात, "अण्णा, थ्री फेज कधी येणार?"

लाईट आहे म्हणावे तर मोटार चालत नाही, नाही म्हणावे तर घरात उजेड आहे. वीजटंचाई म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

आधी साधा भाग पाहू. खांबावरून येणाऱ्या तीन तारांमध्ये वीज एकाच वेळी भरात येत नाही. ती एकीमागून एक, ठरावीक अंतराने भरात येते. या प्रत्येक तारेला आपण फेज म्हणतो. घरातल्या दिव्याला एक फेज पुरतो. पाच अश्वशक्तीची मोटार मात्र तिन्ही तारांच्या आळीपाळीच्या जोरावर फिरते. एक तार बंद केली की दिवे जळत राहतात आणि मोटार सुरूच होत नाही. पूर्वी उपकेंद्रातून नेमके हेच केले जाई. पुढे कर्नाटकात 'निरंतर ज्योती' योजनेतून अनेक ठिकाणी गावठाणाची आणि शेतीची लाईन वेगळी काढली गेली. त्यामुळे आता शेतीची लाईन बंद ठेवून गावाला वीज देता येते. म्हणजे मोटार थांबते ती बिघाडामुळे नव्हे, कुणीतरी ठरवून थांबवल्यामुळे. का थांबवावी लागते, हा खरा प्रश्न आहे.

वीज तयार होते त्याच क्षणी संपते

ज्वारी पेवात ठेवता येते, तूर पोत्यात भरून भावाची वाट पाहता येते. विजेचे तसे नाही. बॅटऱ्या आहेत, पण साऱ्या राज्याची मागणी भागवण्याच्या मानाने त्यांची साठवण अजून फार थोडी आहे. त्यामुळे या क्षणी देशात जितकी वीज वापरली जात आहे, बरोबर तितकीच याच क्षणी तयार व्हावी लागते.

चढावर चाललेली भरली बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. ओझे वाढले आणि बैल तेवढेच राहिले, तर गाडी लगेच थांबत नाही, आधी तिचा वेग मंदावतो. आणखी ओझे टाकले तर बैल गुडघे टेकतात. वीजकेंद्रातली फिरती यंत्रे हे बैल आणि आपली मागणी हे ओझे. ही यंत्रे आपल्या देशात सेकंदाला ५० आवर्तनांच्या वेगाशी जुळवून फिरतात. मागणी वाढली की हा वेग किंचित उतरतो. ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच अरुंद पट्ट्यात तो राखायचा असतो. तो फार खाली गेला तर यंत्रांना इजा होऊ नये म्हणून केंद्रे आपोआप बंद पडतात. एक बंद पडले की त्याचा भार दुसऱ्यावर, मग तेही बंद. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी अशाच साखळीने उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी तर ६० कोटींहून अधिक लोकांचा वीजपुरवठा तुटला.

हे टाळायचे तर ओझे उतरवावे लागते. त्यालाच आपण भारनियमन किंवा लोडशेडिंग म्हणतो. राज्याच्या भारप्रेषण केंद्रातून सूचना येते, उपकेंद्रातला माणूस एक लाईन बंद करतो आणि आपल्या शिवारातल्या मोटारी थांबतात. सगळ्यांत आधी शेतीची लाईन का बंद होते? एका झटक्यात मोठा भार उतरतो म्हणून; आणि शहरात ओरड लवकर पोहोचते म्हणूनही. दुसरे कारण तांत्रिक नाही, पण ते खोटेही नाही.

पाणी आटले की वीजही आटते

आपल्या भागात टंचाईचे मूळ शोधत गेलो की वाट शेवटी पाण्यापाशी येते.

कर्नाटकाची वीज मुळात पाण्याची. शिवनसमुद्रचे जलविद्युत केंद्र १९०२ सालचे. शरावतीचे केंद्र १९६० च्या दशकात सुरू झाले. रायचूरजवळ शक्तिनगरला औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला तो १९८५ साली. तोवर राज्याची स्वतःची वीज जवळजवळ सगळी धरणांवर अवलंबून होती. आजही लिंगनमक्की, सुपा आणि माणी या जलाशयांची पातळी काय, यावर पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज बांधला जातो. कारण जलविद्युत ही मर्जीप्रमाणे चालू-बंद करता येणारी वीज आहे. संध्याकाळी मागणी चढली की दार उघडायचे, रात्री बंद करायचे.

आता पाऊस हुकला असे समजा. धरणात पाणी कमी, म्हणून ही हुकमी वीज कमी. त्याच वेळी तूर आणि सोयाबीन वाचवायला शेतकरी बोअर चालू करतो. चांगल्या पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोटारी बंदच असतात; कोरड्या वर्षी त्या त्याच महिन्यांत धावू लागतात. भूजलही खाली गेलेले असते, त्यामुळे तेवढ्याच पाण्याला जास्त वीज लागते. एकच कारण, पण ते दोन्ही बाजूंनी मारते.

किती जास्त वीज? हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहावा असा आहे. एक एकराला दोन इंच पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. पाणी ३५ फुटांवर असेल आणि पंप-मोटारीची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर हे पाणी वर काढायला १५ युनिटच्या आसपास वीज लागते. पाणी ३५० फुटांवर गेले की दहापट, म्हणजे सुमारे १४५ युनिट. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण पावणेपाच युनिट घेते. तेव्हा एका एकराच्या एका पाळीला ३० तासांहून अधिक वेळ लागतो. दिवसाला सात तास वीज मिळाली तर साडेचार दिवस, पाच तास मिळाली तर सहा दिवस. तोवर दुसऱ्या टोकाचे पीक माना टाकते. आजोबांच्या विहिरीवर जे काम एका फेरीत होई, त्याला आता आठवडा का लागतो, याचे उत्तर या गणितात आहे.

२०२३ मध्ये हे सगळे एकदम घडले. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. कर्नाटकाने पुढे २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले. राज्यात ३० लाखांहून अधिक कृषिपंप आहेत आणि राज्यात विकल्या जाणाऱ्या विजेचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा तेच घेतात. ते सगळे अवेळी चालू झाले. ऑक्टोबरमध्ये शेतीला सातऐवजी पाच तास थ्री फेज देण्याची वेळ आली. सरकारने २००३ च्या वीज कायद्याचे ११ वे कलम वापरून खासगी केंद्रांना राज्यालाच वीज द्यायला सांगितले आणि उत्तर प्रदेश व पंजाबकडून उसनवारीने वीज घेतली. उसनवारी हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. आत्ता वीज घ्यायची आणि आपल्याकडे मुबलक असेल त्या महिन्यांत विजेनेच परत करायची, असा तो करार असतो.

त्याच ऑगस्टमध्ये कलबुर्गीत गृहज्योती योजनेचा शुभारंभ झाला होता. घरगुती ग्राहकांना महिना २०० युनिटपर्यंत वीज मोफत. म्हणून अनेकांनी टंचाईचे खापर त्या योजनेवर फोडले. पण ही सवलत तेव्हा प्रत्येक घराच्या आधीच्या सरासरी वापरावर जेमतेम दहा टक्के वाढ धरून दिली जात होती. मागणी उसळली ती घरांतल्या दिव्यांमुळे नव्हे, शिवारातल्या बोअरमुळे. योजनेच्या खर्चावर वाद घालता येईल, तो वेगळा मुद्दा आहे.

ऊस असलेल्या आपल्या भागात आणखी एक धागा आहे. ज्या साखर कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे, ते उसाच्या चिपाडापासून वीज करतात आणि गाळपाच्या हंगामात ती ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्याला, देतात. दुष्काळात ऊसच नसतो. गाळप लवकर आटोपते, ती वीजही जाते.

> चौकट : लाईट गेली, नेमके काय झाले?
>
> फक्त आपल्याच घरात लाईट नाही : आपला फ्यूज किंवा खांबावरची सर्व्हिस वायर.
>
> एका डीपीवरची दहा-पंधरा घरे किंवा मोटारी बंद : डीपीचा फ्यूज उडाला किंवा डीपी जळाली. वीज आहे, शेवटच्या टप्प्यात अडली आहे.
>
> सगळे गाव बंद, शेजारचे गाव चालू : ११ हजार व्होल्टच्या लाईनमधला दोष किंवा दुरुस्ती.
>
> गाव चालू, शेती बंद, रोज त्याच वेळी : वेळापत्रकाप्रमाणे थ्री फेज बंद.
>
> सगळे बंद, अवेळी, आणि तालुकाभर तीच तक्रार : भारनियमन किंवा मोठ्या उपकेंद्रातला बिघाड.

कोळसा आणि त्याचेही पाणी

कोळशाची गोष्ट वर्तमानपत्रांतून बरीच येते, म्हणून थोडक्यात. रायचूरच्या केंद्राची क्षमता १,७२० मेगावॉट. २१० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालवायला तीन हजार टनांहून अधिक कोळसा लागतो, म्हणजे ढोबळमानाने रोज एक मालगाडी. असे सात संच आणि वर २५० मेगावॉटचा आठवा. हा कोळसा शेजारच्या सिंगरेणीपासून थेट ओडिशापर्यंतच्या खाणींतून येतो. खाणीत पाणी साचले, रेल्वेचे डबे कमी पडले किंवा कोळशाचे पैसे थकले, की साठा उतरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचाच कोळसा उरला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या.

पण कोळसा भरपूर असला तरी औष्णिक केंद्राला वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी लागतेच. परळीचे केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मांजरा ज्या बीड जिल्ह्यात उगवते, त्याच जिल्ह्यातले हे केंद्र. तीच मांजरा पुढे बिदर जिल्ह्यात येते. वीजकेंद्र बंद आणि खालच्या अंगाच्या विहिरी कोरड्या, ही दोन्ही एकाच दुष्काळाची रूपे आहेत.

वीज आहे, वाट नाही

आता अशी टंचाई, जिच्यात वीज कमी नसतेच.

२०१३ पर्यंत दक्षिण भारताचे ग्रीड उर्वरित देशाशी समकालिक जोडलेले नव्हते, म्हणजे दोन्हीकडची यंत्रे एका तालात फिरत नव्हती. देवाणघेवाण होई ती तालचेर-कोलारसारख्या एकदिश प्रवाहाच्या लाईनने किंवा चंद्रपूरजवळच्या भद्रावतीच्या जोडणीतून. दोन्हींना मर्यादा होती. तारेतून तिच्या क्षमतेपेक्षा जास्त वीज ढकलली की ती तापते, झुकते, लाईन तुटते. त्यामुळे पश्चिमेला वीज पडून असली तरी कर्नाटकात लोडशेडिंग चालूच राही, आणि वीज बाजारात दक्षिणेला इतरांपेक्षा महाग दर मोजावा लागे.

ही कोंडी फुटली ती रायचूर आणि सोलापूर यांच्यामध्ये, म्हणजे आपल्या मुलखाच्या दोन टोकांमध्ये. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर लाईन चालू झाली आणि पहिल्यांदाच साऱ्या देशाचे एक ग्रीड झाले. २०१२ च्या महाअंधारातून दक्षिण वाचली ती मात्र जोडलेली नव्हती म्हणूनच. जोडल्याने पुरवठा वाढतो आणि धोकाही वाटून घ्यावा लागतो.

मोठ्या लाईनचा प्रश्न असा सुटला. शेवटच्या दोन किलोमीटरचा सुटलेला नाही, आणि शेतकऱ्याला रोज भोगावा लागतो तो हाच.

डीपीकडे जरा जवळून पाहू. समजा ती ६३ केव्हीएची आहे. पाच अश्वशक्तीच्या एका मोटारीचा भार सहा केव्हीएच्या आतबाहेर धरला, तर तिच्यावर दहा-अकरा मोटारी सुखाने चालतात. प्रत्यक्षात पंधरा-सोळा असतात; काही मंजूर, काही आकडा टाकून. शिवाय कागदावर पाच अश्वशक्तीची असलेली मोटार खोल बोअरसाठी साडेसातची बसवलेली असते. थ्री फेज यायची वेळ होते. शेतकरी रात्रभर जागायचा कसा, म्हणून स्टार्टरला 'ऑटो' लावलेला असतो. वीज येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या काही सेकंदांत नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. सोळा मोटारींनी एकदम तसे केले की डीपीचा फ्यूज उडतो. मग कुणीतरी जाड तार बांधून तो बसवतो. पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, डीपीच जळते.

डीपी टिकली तरी व्होल्टेज पडते. मोटारीला पाणी तेवढेच उचलायचे असते, त्यामुळे व्होल्टेज कमी मिळाले की ती प्रवाह जास्त घेते. व्होल्टेज ४१५ वरून ३३० पर्यंत, म्हणजे पाचवा हिस्सा उतरले, तर प्रवाह सुमारे सव्वापट होतो. आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती दीडपटीच्याही वर जाते. गुंडाळी जळते ती यामुळे. टू फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवली तर तीच गत. गुंडाळी पुन्हा भरायला दुकानात आठवडा, तोवर पाणी बंद. सरकारी आकडेवारीत ही टंचाई कुठेच दिसत नाही, कारण त्या आठवड्यात वीज 'उपलब्ध' होती.

यातला एक उपाय स्वस्त आहे. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा चांगला कपॅसिटर योग्य जागी बसवला, तर डीपीवरून ओढला जाणारा प्रवाह सुमारे सहाव्या हिश्शाने कमी होऊ शकतो. एकट्याने लावून फरक दिसत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी लावला, आणि 'ऑटो'च्या वेळा दोन-दोन मिनिटांनी मागेपुढे केल्या, तर डीपी जळण्याचे प्रमाण खाली येते.

पैसा कुठे अडतो

कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्राने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत तीच सवलत दिली. मोफत म्हणजे शेतकऱ्याला मोफत. वीज कंपनीला, म्हणजे आपल्याकडे जेस्कॉमला, ती वीज विकतच घ्यावी लागते आणि तिचे पैसे सरकारने अनुदान म्हणून द्यायचे असतात. अनुदान उशिरा आले की कंपनी वीजकेंद्रांची बिले उशिरा देते, केंद्र कोळशाचे पैसे उशिरा देते आणि दुरुस्तीचा खर्च सर्वांत आधी कापला जातो.

अडचण अशी की बहुतेक पंपांना मीटर नाही. किती वीज खरोखर पंपांनी घेतली आणि किती गळतीत किंवा चोरीत गेली, हे मोजण्याऐवजी अंदाजावर चालते. गळती पंपांच्या नावावर खपते आणि शेतकऱ्यांनीच सगळी वीज खाल्ली असा बोभाटा होतो. मीटरला गावोगाव विरोध आहे, कारण आज मीटर आला की उद्या बिल येईल ही भीती. भीती समजण्यासारखी आहे. पण निदान प्रत्येक डीपीला तरी मीटर हवा, हे माझे ठाम मत आहे. मोजमाप नसल्याचे नुकसान शेतकऱ्यालाच होते, कारण आपल्याला किती वीज कमी मिळाली हे त्यालाही सिद्ध करता येत नाही. टंचाईच्या काळात महाराष्ट्रातल्या महावितरणने ज्या लाईनवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे लोडशेडिंग जास्त, अशी वर्गवारी केली होती. प्रामाणिकपणे बिल भरणाराही आपल्या लाईनच्या वर्गाबरोबर अंधारात बसला.

दुपारी उधाण, संध्याकाळी ओहोटी

२०१८ मध्ये अपारंपरिक ऊर्जेच्या क्षमतेत कर्नाटक देशात पहिले आले. तुमकुरु जिल्ह्यातल्या पावगडचा सौर प्रकल्प एकटा २,०५० मेगावॉटचा आहे. तरी टंचाई का? कारण सूर्य मावळायला लागतो त्याच सुमारास दिवे, पंखे, कूलर चालू होतात. दुपारी जादा वीज आणि सात वाजता तुटवडा, असा नवा पेच उभा राहिला आहे. वारा पावसाळ्यात जोरात, उन्हाळ्याच्या तोंडावर मंद. टंचाई आता वर्षाच्या बेरजेत दिसत नाही, ती दिवसातल्या ठरावीक तासांत दिसते.

आपल्या भागाला यातून थेट फायदा घेता येतो, आणि तो घेतलाच पाहिजे. मोटारीला रात्रीच वीज हवी असा निसर्गनियम नाही. उलट रात्री साप-विंचवाच्या भीतीने बॅटरी हातात धरून बोअरवर जाणे हा आपल्या शेतकऱ्यांवर वर्षानुवर्षे लादलेला जुलूम आहे. केंद्राच्या कुसुम योजनेत शेतीची लाईनच उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पावर चालवता येते, महाराष्ट्रातही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच तत्त्वावर आहे. वीज जवळच तयार होते, लांबच्या तारेतली गळती वाचते, दुपारची जादा वीज कामी येते आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते. धोका एकच. दिवसा भरपूर, फुकट वीज मिळाली म्हणून बोअर आणखी खोल गेले, तर ३५ फुटांचे ३५० झाले तसे ३५० चे ७०० व्हायला वेळ लागणार नाही. सौर लाईनबरोबर ठिबक आणि पाणी जिरवण्याची कामे झाली नाहीत तर वीज येईल आणि पाणी जाईल.

वीजदर ठरवण्याआधी कर्नाटक वीज नियामक आयोग जेस्कॉमच्या अर्जावर जनसुनावणी घेतो. कुणीही ग्राहक तिथे बोलू शकतो, वकील लागत नाही. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत खंडित पुरवठ्याबद्दल भरपाईची तरतूदही आहे. सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्यांनी या सुनावणीला जावे, भाषेचा संकोच वाटत असेल तर गावातल्या कन्नड शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्यावे. जाण्यापूर्वी एक वही करावी : आपल्या डीपीवर मोटारी किती, थ्री फेज कधी आली, कधी गेली, व्होल्टेज किती होते, डीपी कितीदा जळाली आणि किती दिवसांनी बदलून मिळाली. नुसत्या तक्रारीला उत्तर मिळते, तारीखवार नोंदीला मात्र कारवाई करावी लागते. वही आजच सुरू करा.